तारलीचा भाव आणि गरीचा हिशेब

आमच्या शारजाच्या घरात फ्रीजरचा खालचा कप्पा माझा आहे. हा हक्क मला सहजासहजी मिळालेला नाही. सूनबाईंशी झालेल्या तहाच्या अटी अशा: तारली आणि माकूल दोन पिशव्यांत गुंडाळलेले असावेत, पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘आबांचे आमिष, खाऊ नये’ असे लिहिलेले असावे, आणि दिवाळीचा फराळ सुरू झाला की चार दिवस हा कप्पा रिकामा करून द्यावा. अटी मी पाळतो. पण यंदा पिशवी रिकामी करताना मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो. एक किलो तारली, आठ दिरहम. सहा वर्षांपूर्वी मी ती पाचाला आणत असे.

मुलगा म्हणाला, “बाबा, गळ, रीळ, आमिष, बर्फ, पेट्रोल सगळं धरलं तर तुमचा एक मासा बाजारातल्या हामूरपेक्षा महाग पडतो. सरळ बाजारातून आणा की.” अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला घरातच असे ऐकून घ्यावे लागावे! पस्तीस वर्षे मी मुलांना स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवला. माझा डॉक्टरेटचा प्रबंध कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्थांवर होता. मात्र स्वतः नियमाने गरवायला लागलो तो निवृत्तीनंतर, इथे नातवाकडे आल्यावर. (आमच्या मालवणकडे गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. इथे वाढलेल्या मुलांनी हे दोन शब्द जरूर टिपून ठेवावेत.) तेव्हा या प्रश्नाचे उत्तर हिशेब मांडूनच द्यायचे ठरवले.

वहीतले दोन दिवस

सुदैवाने मला वही ठेवायची सवय आहे. नोव्हेंबर 2019 मधल्या एका फेरीची नोंद अशी आहे: तारली एक किलो 5 दिरहम, माकूल अर्धा किलो 9, गळांचे पाकीट 6, शिशाची वजने 6, बर्फ 2. एकूण 28 दिरहम. यंदाच्या ऑक्टोबरमधली तशीच फेरी, तीच जागा, तीच दोन माणसे: तारली 8, माकूल 14, गळ 10, शिसे 10, बर्फ 3. एकूण 45.

म्हणजे खर्च साधारण 1.6 पट झाला. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या वर्षी आम्हा दोघांना एका फेरीत सरासरी सहा मासे मिळत, आता चार मिळतात. अठ्ठावीस भागिले सहा, म्हणजे माशामागे पावणेपाच दिरहमांच्या आत. पंचेचाळीस भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. भाव वाढला 1.6 पट, पण माशामागचा खर्च वाढला जवळजवळ अडीच पट. दुकानदाराशी घासाघीस करताना आपल्याला पहिला आकडा दिसतो. दुसरा आकडा पाण्याखाली असतो, म्हणून दिसत नाही.

एका म्हाताऱ्याची वही म्हणजे काही पाहणी नव्हे, हे मला माहीत आहे. माझी नजर मंदावली, हात मंदावला, हेही त्या चार माशांमागचे कारण असू शकेल. नातू तर ते उघडपणे सांगतो. तरीही या दोन आकड्यांनी मला विचारायला लावले की हा पैसा जातो कुठे.

तारली महाग का होते?

अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, फुजैरा, कल्बा, खोर फक्कानकडे, तारली किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्यांनी धरतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला मालवणची रापणच आठवली. फरक इतकाच की आमच्याकडे दोरीला गावची माणसे लागत, इथे गाडी लावतात. त्या तारल्या आणि बारीक मासळी वाळूवर वाळत घातलेली अजूनही दिसते. ती जनावरांच्या चाऱ्याला आणि खजुराच्या झाडांना खत म्हणून जाते. शेजारच्या ओमानमध्येही तेच.

म्हणजे आपण गळाला लावतो ती तारली फक्त आपल्यासाठी नसते. तिला अनेक गिऱ्हाइके आहेत, आणि त्यांतले सर्वात मोठे आहे माशांचे खाद्य बनवणारा उद्योग. जगभर तलावांत आणि पिंजऱ्यांत जे मासे व कोळंबी वाढवतात, त्यांना खायला लहान माशांची भुकटी लागते. या भुकटीचा सर्वात मोठा पुरवठा पेरू देशातून होतो. 2023 मध्ये एल निन्योमुळे समुद्र तापला आणि पेरूने मुख्य किनाऱ्यावरचा पहिला हंगामच रद्द केला. पेरूत हंगाम बुडाला की जगभर लहान माशाला मागणी वाढते.

आपल्या देशातही तारलीचे दिवस सरळ गेलेले नाहीत. केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार 2021 साली ती 3,297 टनांवर आली. इतका चढउतार ज्या माशात आहे, त्याचा भाव स्थिर कसा राहणार?

त्यात इंधन आले. ऑगस्ट 2015 पासून अमिरातीत पेट्रोलचे दर जागतिक बाजाराप्रमाणे दरमहा ठरतात. जुलै 2022 मध्ये सुपर 98 लिटरला 4.63 दिरहमांवर गेले होते. होडीला आणि बर्फाच्या गाडीलाही तेच इंधन लागते. आणि 1 जानेवारी 2018 पासूनचा पाच टक्के मूल्यवर्धित कर तर पावतीवर छापलेलाच असतो.

रीळ कुठून येते?

माझे आजोबा सुती दोरीने गरवत. दोरी कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. गळ लोहाराकडचा, शिसे जुन्या जाळ्याचे, आमिष किनाऱ्यावरचे. पैसा असा काही लागतच नसे. नायलॉन 1938 साली अमेरिकेत जाहीर झाले आणि काही वर्षांनी आमच्या किनाऱ्यावर तंगूस होऊन आले. त्या दिवसापासून गरवणाऱ्याचा हात कारखान्याशी जोडला गेला.

आज काठीचा मोठा उद्योग चीनच्या शांडोंग प्रांतातल्या वेहाय शहरात आहे. नामांकित रिळांच्या कंपन्या जपानच्या, पण त्यांचे कारखाने मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, चीन असे पसरलेले. 2020-21 मध्ये लोक घरात कोंडले गेले तेव्हा मोकळ्या हवेतल्या छंदांना अचानक बहर आला. अमेरिकेत-युरोपात काठ्या आणि रिळांची दुकाने रिकामी झाली. त्याच वेळी जहाजाने माल आणणे महागले. चाळीस फुटी कंटेनरचे जे भाडे आधी सरासरी दीड हजार डॉलरांच्या आसपास होते, ते सप्टेंबर 2021 मध्ये दहा हजारांवर गेले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, हे आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. ते जरा निवळते तोच 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले.

आता एक गंमत. आपला दिरहम गेली पंचवीसहून अधिक वर्षे डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. 2021 च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे 103 येन मिळत, 2024 च्या मध्याला 160. म्हणजे जपानी रीळ आपल्याला स्वस्त मिळायला हवे होते. झाले का? माझ्या तरी अनुभवात नाही. रीळ जपानी नावाचे असले तरी ते बनते दुसऱ्याच देशात, आणि त्याचा व्यवहार बहुधा डॉलरात होतो. शिवाय वर चढलेला भाव खाली यायला नेहमीच जास्त वेळ घेतो. वर्गात ही गोष्ट मी आलेख काढून शिकवत असे. इथे दुकानाच्या काउंटरवर ती शिकलो.

जपानची आणि या आखाताची गाठ जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी इथली मिळकत मोत्यांवर होती आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. जपानी संवर्धित मोती बाजारात आले, पाठोपाठ 1929 ची जागतिक मंदी आली, आणि इथला मोत्यांचा धंदा बसला. दूरच्या कारखान्याने किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशेब बदलावा, हे इथे पहिल्यांदा घडत नाही.

आठ दिरहम म्हणजे किती?

इथपर्यंत लिहून झाल्यावर मला वाटले होते, लेख झाला. मग एक रविवार आला.

आमच्या नेहमीच्या दगडी बांधावर एक गडी येत असे. देवगडकडचा, चाळिशीचा, इथे बांधकामावर पाइप जोडण्याचे काम करतो. काठी नाही, रीळ नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळलेले, टोकाला एक गळ आणि वजनाला जुना नट. बाटली डाव्या हातात, दोरी उजव्या बोटावर. माझ्या नातवाच्या चकचकीत काठीपेक्षा त्या बाटलीला मासे जास्त लागत. 2022 पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हापासून तो दर रविवारी दिसे. नातवाला गाठ मारायला त्याने शिकवले, मी नव्हे.

या वर्षी तो महिन्यातून एकदा दिसू लागला. विचारले तर हसला. म्हणाला, “काकानू, आठ दिरहम म्हणजे घराक दोनशे रुपये. मासो गावलो तर बरा. नाय गावलो तर दोनशे रुपये दर्यात.”

मी गप्प बसलो. 2010 साली एक दिरहम साधारण साडेबारा रुपयांचा होता, आता तेविसाच्या पुढे गेला आहे. घरी पैसे पाठवणाऱ्याला हे चांगलेच, असे आपण म्हणतो. पण त्याच कारणाने इथे खर्च केलेला प्रत्येक दिरहम त्याच्या मनात घरच्या रुपयांत दुप्पट मोठा दिसतो. गळाला लावलेली तारली त्याला मुलीच्या वहीपुस्तकांतून काढलेली वाटते. 1966 पर्यंत या किनाऱ्यावर भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालत असे. तेव्हाच्या गड्याला निदान हा गुणाकार करावा लागत नव्हता.

माझ्या वहीत 45 दिरहम होते. मी त्यांची कारणे पेरूपासून वेहायपर्यंत शोधली, पण त्या आकड्याने माझे काहीच अडणार नव्हते. ज्याचे अडत होते तो बांधावर येईनासा झाला होता, आणि त्याच्या अनुपस्थितीची माझ्या वहीत कुठेच नोंद नव्हती. महागाईत छंद बंद होतो तेव्हा कोणी तक्रार करत नाही. माणूस फक्त दिसेनासा होतो. आठवड्यातले ते तीन तास त्याला समुद्र, गावची बोली आणि कोणीतरी ‘काय गावला?’ असे विचारणारा मिळवून देत होते. त्याचा भाव कुठल्या तक्त्यात मांडायचा?

सामाईक डबा

माझ्या प्रबंधात एक आख्खे प्रकरण यावर होते की सातपाटीसारख्या बंदरांवर सहकारी संस्था बर्फ, डिझेल, जाळ्याचे सूत एकत्र आणून सभासदांना कसे पुरवतात. चाळीस वर्षांनी ते प्रकरण मला उपयोगी पडले. आता आमच्या बांधावर एक बर्फाचा डबा आहे. सहा-सात जण मिळून आमिष एकत्र आणतो, सकाळी मासळी बाजारातून, आमिषाच्या पुड्यांच्या दुकानातून नव्हे. ज्याला जमेल त्याने पैसे घालावेत, ज्याला जमणार नाही त्याने माशांची डोकी-शेपट्या आणाव्यात किंवा नुसते यावे. देवगडकर गडी आता पुन्हा दर रविवारी येतो. तो डब्यात पैसे घालत नाही. मुलांना गाठी मारायला शिकवतो. हिशेब बरोबर जुळतो.

या डब्याभोवती काही युक्त्या जमल्या आहेत. घरोघरी उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

तारलीचे तुकडे जाड मिठात रात्रभर ठेवावेत. पाणी सुटते, मांस घट्ट होते, गळावरून लवकर निसटत नाही, आणि एक किलो दोन फेऱ्यांना पुरते. माकूल बोटाएवढ्या पट्ट्यांत कापावे. एका पट्टीवर दोन-तीन मासे निघतात. शेवट्यासारख्या माशाला कणकेचा गोळा पुरतो, त्याला महाग आमिष लागत नाही.

रिळात पूर्ण नवे तंगूस भरू नये. खालच्या अर्ध्या भागात जुने भरावे, वर नवे. वरचे झिजले की उलटे करून गुंडाळावे. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावे. इथले आखात उथळ आहे, सरासरी खोली 35 मीटरच्या आसपास, आणि पाणी आपल्या कोकणच्या समुद्रापेक्षा खारट. न धुतलेले रीळ एका हंगामात जाम होते, आणि सर्वात महाग रीळ तेच, जे दरवर्षी नवे घ्यावे लागते.

खडकात अडकलेले तंगूस तोडून तिथेच टाकू नये. ते पाण्यात शेकडो वर्षे राहते. अबू धाबीच्या पाण्यात सुमारे तीन हजार समुद्रगायी आहेत. ऑस्ट्रेलियानंतर सर्वात मोठा कळप इथलाच. त्यांच्या आणि कासवांच्या गळ्यात आपली दोन दिरहमांची दोरी पडू नये.

पाण्याखालचा आकडा

आता त्या दुसऱ्या आकड्याकडे, सहाचे चार झाले त्याकडे, वळतो. हामूर म्हणजे आपला हेकरू. तो आणि शारी हे इथले लाडके मासे, आणि त्यांचीच फार वर्षे बेसुमार धरपकड झाली. अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेने 2019 मध्ये गरगूर, म्हणजे तारेचे घुमटी पिंजरे, बंद केले. मासे टिकतील अशा बेताने होणाऱ्या मासेमारीचा त्यांचा निर्देशांक 2018 मध्ये 8.9 टक्के होता, 2024 च्या अखेरीस 97.4 टक्के झाला. म्हणजे नियम पाळले तर समुद्र परतफेड करतो, आणि तीही एका दशकाच्या आत.

आपल्याकडे पावसाळ्यात यांत्रिक होड्या बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन हंगाम सुरू होतो. इथे सुरमईची, म्हणजे कनदची, बंदी 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर असते. बंदी उठते, हवा थोडी निवते, आणि पाठोपाठ दिवाळी येते. 45 सेंटिमीटरपेक्षा लहान हामूर आणि 65 सेंटिमीटरपेक्षा लहान सुरमई परत पाण्यात सोडायची. छंदाने धरलेला मासा विकायचा नाही. परवान्याचे नियम प्रत्येक अमिरातीचे वेगळे आहेत, ते जाण्याआधी विचारून घ्यावेत, आणि पाटी असेल तिथे गळ टाकू नये. नातवाने काठीवर 45 सेंटिमीटरची खूण रंगाने करून घेतली आहे. गेल्या महिन्यात त्याला 41 सेंटिमीटरचा हामूर लागला. आयुष्यातला पहिला हामूर! त्याने तो मोजला, पुन्हा मोजला, माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. मग त्याने तो हळूच पाण्यात सोडला आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

देवगडकर म्हणाला, “सोडलंस ना? आता तो वाडतलो.”

त्या दिवशीचा माझ्या वहीतला हिशेब असा आहे: खर्च 45 दिरहम, मासे शून्य. मुलाला दाखवला. तो हसला. म्हणाला, “बाबा, पुढच्या रविवारी मीपण येतो.” त्याला आठ वर्षांत पहिल्यांदा यावेसे वाटले. तेव्हा माशामागचा खर्च किती, हा हिशेब मी तात्पुरता थांबवला आहे.

फराळ संपला की फ्रीजरचा खालचा कप्पा पुन्हा माझा. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी पहाटे यावे. काठी नसली तरी चालेल, पाण्याची रिकामी बाटली आणावी. डब्यात आमिष आहे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.